ताप किती, यापेक्षा लेकरू कसे आहे



भिवापूरच्या आसपासच्या माना व गोंड वस्त्यांत मी आरोग्यभेटी देते. मिरचीच्या हंगामात आया तोडणीला किंवा सातऱ्यावर देठ काढायला जातात. लेकरू तापले की मजुरी बुडते, म्हणून ‘उद्या बघू’ होते. पुष्कळदा उद्यापर्यंत थांबून चालते. कधी चालत नाही, ते मी आजीला शिकवते. दिवसभर लेकरू तिच्याकडेच असते.

दोन महिन्यांच्या आतले बाळ तापले तर घरगुती उपाय नकोत. अंगावर पाजत दवाखाना गाठायचा. मोठ्या मुलात थर्मामीटरपेक्षा मुलाकडे बघावे. १०३ ताप उतरल्यावर खेळायला लागणाऱ्या पोराची मला तेवढी धास्ती नसते. पण ताप १०० च असला आणि लेकरू पाणी पीत नसेल, सगळे ओकत असेल, हाकेला डोळे उघडत नसेल, मान ताठ झाली असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर रात्र असली तरी निघायचे. १०८ ची गाडी फुकट येते.

आकडी आली तर कुशीवर निजवावे. तोंडात चमचा घालू नये. कांदा, चप्पल हुंगवून काही होत नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८, आणि थांबली तरी दवाखान्यात दाखवायचेच. तापलेल्याला गोधडीत गुंडाळू नये, थंड पाणीही ओतू नये.

पावसाळ्यात मात्र ताप आला त्याच दिवशी आशाताईंकडून मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसे दगावली. तो गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. काखेत, जांघेत काळी खपली दिसते का, ते बघावे. वेळेवर दिले तर त्यावरचे औषध साधे, स्वस्त आहे. तपासणीत काही निघाले नाही तरी दोन दिवसांत ताप गेला नाही, तर डॉक्टर.

सगळ्यात मोठा घोळ पॅरासिटामॉलच्या ‘एका चमच्याचा’. ५ मिलीमध्ये एका बाटलीत १२० मिलीग्रॅम औषध असते, दुसरीत २५०. चमचा तोच, औषध दुप्पट! मात्रा वजनावर ठरते, किलोला १५ मिलीग्रॅमपर्यंत. म्हणजे १० किलोच्या मुलाला २५० वाल्या बाटलीतले ३ मिली, आणि पुन्हा द्यायचे तर सहा तासांनी. आजीला आकडे वाचता येत नाहीत. म्हणून आम्ही सिरिंजवर तांबडी रेघ ओढून ती त्याच बाटलीला दोऱ्याने बांधून देतो.

काय पाठवू, असे काहींनी विचारले आहे. ५ मिलीच्या सिरिंज पाठवा, सुई नको.