भिलाई ते मालवण : समूहाने स्नॉर्केलिंगला जाताना

भिलाईहून समुद्र कोणत्याच दिशेने जवळ नाही. पूर्वेला पुरी किंवा विशाखापट्टणम, पश्चिमेला मुंबई. कोठेही जायचे म्हटले तरी रात्रभराचा प्रवास ठरलेला. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत लहानाचे मोठे झालेल्या अनेकांची समुद्राशी ओळख म्हणूनच घोटाभर पाण्यापुरतीच राहते. अलीकडे मात्र येथील मराठी कुटुंबांमध्ये एक नवी हौस रुजू लागली आहे. चार-पाच कुटुंबांनी एकत्र यावे, कोकणात जावे आणि मार्गदर्शकाच्या सोबतीने पाण्याखालचे जग डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी लागणारी साधने तेथेच मिळतात, मार्गदर्शक मिळतो, पोहता आलेच पाहिजे अशी अटही बहुधा घातली जात नाही. हौस उत्तम आहे. परंतु ‘काहीच यावे लागत नाही’ ही जी सोय सांगितली जाते, तीच या सहलीतील सर्वांत नाजूक बाब होय. तिचा विचार नौकेत बसल्यावर नव्हे, तर घरी बसून, तिकिटे काढण्यापूर्वी करावयास हवा.

प्रथम स्नॉर्केलिंग म्हणजे नेमके काय, हे पाहू. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क, तोंडात धरावयाची एक वाकडी नळी, आणि असल्यास पायांत रबरी फिन्स, एवढीच सामग्री. पाठीवर हवेची टाकी नसते. ती स्कूबा डायव्हिंगला लागते. स्नॉर्केलिंगमध्ये माणूस पाण्याच्या पृष्ठभागावर पालथा तरंगतो, चेहरा पाण्यात ठेवतो आणि नळीतून तोंडाने श्वास घेतो. पाण्याखाली मास्कच्या काचेतून वस्तू पाऊणपट अंतरावर आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे वीतभर मासाही डोळ्यांत भरतो. नळी आणखी लांब करून खोल का जाता येत नाही, असे मुले हमखास विचारतात. उत्तर छातीवरील पाण्याच्या भारात आहे. एका मीटर खोलीवरच हा भार प्रत्येक चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅमने वाढतो, आणि छातीच्या स्नायूंना तो झेलून हवा आत ओढणे कठीण होऊन बसते. शिवाय लांब नळीत आपण सोडलेलीच हवा साठून राहते व पुन्हा आपणच ती आत घेतो. आखूड नळीतूनही श्वास घेण्यास नेहमीपेक्षा थोडे अधिक बळ लागते, हे येथे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

स्थळ आणि काळ

आपल्या शिवनाथचे पाणी महानदीतून बंगालच्या उपसागरालाच मिळते. गंगा, महानदी, गोदावरी अशा नद्यांनी आणलेल्या गाळामुळे पूर्व किनाऱ्यालगतचे पाणी बरेचदा गढूळ असते. जवळचा असूनही तो किनारा या कामी फारसा उपयोगाचा नाही. उपसागराच्या पलीकडे अंदमानात मात्र नितळ पाणी आणि समृद्ध प्रवाळ आहेत. वंडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ साली स्थापन झाले, आणि सेल्युलर जेलच्या दर्शनाची ओढ मराठी माणसाला असतेच. पण तेथे विमानाचे किंवा जहाजाचे भाडे मोजावे लागते आणि सोळा-सतरा जणांच्या समूहाला ते जड जाते. पहिल्या अनुभवासाठी मालवण-तारकर्ली हा मध्यममार्ग होय.

मालवणचा सागरी परिसर १९८७ साली अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून १६६४ साली शिवछत्रपतींनी ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ते बेटही त्यातच येते. या भागातील बुडालेल्या खडकांवर प्रवाळ वाढतात, आणि त्यांच्या आसऱ्याने पोपटमासे, फुलपाखरूमासे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे लहान मासे वावरतात. अंदमानची छायाचित्रे मनात ठेवून येथे येऊ नये. चांगल्या दिवशीही येथे काही मीटरपलीकडचे दिसत नाही. कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला ‘आंग्रिया बँक’ हा प्रसिद्ध प्रवाळप्रदेशही येथून पाहता येईल, असा काहींचा समज असतो. तो विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर आत, वीस मीटरहून अधिक खोल पाण्याखाली आहे. तो आपल्यासाठी नव्हे.

पावसाळ्यात, मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत, येथील पर्यटक-नौका बंद असतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो, तरी नवख्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा. नाताळचा आठवडा मात्र कटाक्षाने टाळावा. त्या गर्दीत मार्गदर्शकाचे लक्ष फार जणांत वाटले जाते. तारखा ठरविताना पंचांग पाहावे, हे वाचून कोणी हसेल, पण त्यात शुभाशुभाचा भाग नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाण्याला ओढ असते आणि तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. पाणी त्यामानाने शांत व स्वच्छ राहते. कोकणातील कोळी पिढ्यान्‌पिढ्या याच हिशेबाने चालत आले आहेत. दिवसाची वेळ सकाळचीच निवडावी, कारण दुपारकडे वारा वाढतो.

प्रवासाचे गणित साधे असले तरी लांब आहे. दुर्गहून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर, पुढे कोकण रेल्वेने कुडाळ आणि तेथून मालवण तीसेक किलोमीटर. भारतीय रेल्वेचे बहुतांश रूळ भिलाईतच घडत आले असल्याने, ही सारी वाट आपण एका अर्थी घरच्याच लोखंडावरून जातो! १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे. म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघावयाचे, तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सज्ज असावे. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, तेव्हा कोणाची नावे कोणत्या तिकिटावर हे आधीच लिहून ठेवावे. दोन रात्रींच्या प्रवासानंतर पोहोचलेल्या दिवशी कोणीही पाण्यात उतरू नये. अपुरी झोप, कमी पाणी पिणे आणि गाडीतले खाणे यांनी थकलेले शरीर लाटांवर लवकर हार खाते. तो दिवस सिंधुदुर्ग पाहण्यासाठी आणि माशांच्या जेवणासाठी ठेवावा.

पैशांची मांडणी

येथे एक मुद्दा थोडा सविस्तर मांडतो, कारण सहलीच्या जाहिरातीत तो सापडत नाही.

समूह-सहलीत सर्व खर्च एकत्र गोळा करून सर्वांसाठी एकच रक्कम भरण्याची पद्धत आहे. प्रवास, निवास, भोजन यांसाठी ती योग्यच आहे. पण स्नॉर्केलिंगचे शुल्कही त्यातच आधी भरले, की त्या पैशाचा एक अदृश्य दबाव तयार होतो. नौका खडकांपाशी थांबते, पाणी हलत असते, पासष्टीच्या काकूंचा जीव घाबरतो. परंतु ‘पैसे भरले आहेत, बाकी सगळे उतरले आहेत, आपणच कसे मागे राहायचे’ या संकोचापोटी त्या मान डोलावतात. समूहाचा उत्साह ही सहलीची शोभा असली, तरी समुद्रात तोच उत्साह एखाद्याला त्याच्या ताकदीपलीकडे ओढून नेऊ शकतो. यावर उपाय अगदी साधा आहे. प्रवास-निवासाचा निधी सामाईक ठेवावा. पाण्यात उतरण्याचे शुल्क मात्र ज्याने-त्याने, त्या दिवशी, तेथे, उतरण्याचे नक्की झाल्यावरच द्यावे, आणि हे आयोजकाशी आधी बोलून ठेवावे. आगाऊ रक्कम द्यावीच लागली, तर न उतरणाऱ्याची रक्कम समूहाने आपल्या निधीतून सोसावी, असा ठराव घरूनच करून निघावे. काही रुपये वसूल करण्यासाठी कोणीही समुद्रात उतरू नये.

सामाईक निधीसाठी दोघांच्या संयुक्त नावाने, दोघांच्या सहीने चालणारे बचत खाते उघडल्यास हिशेब स्वच्छ राहतो. प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा आवर्ती ठेवीतून उभा करावा. समजा, चौघांच्या कुटुंबाचा अंदाज ४८,००० रुपये निघाला, तर दरमहा ४,००० रुपयांत बारा महिन्यांत मुद्दल जमते आणि वर मिळणारे व्याज ऐनवेळच्या खर्चाला उपयोगी पडते. आयोजकास रक्कम देताना ती व्यवसायाच्या नावे असलेल्या खात्यातच भरावी, पावती घ्यावी, रद्द करण्याच्या अटी लेखी मागाव्यात. हवामान बिघडून नौका सुटलीच नाही तर काय, हा प्रश्न त्यांत अवश्य विचारावा. प्रवास-विमा घेताना साहसी खेळ त्यातून वगळले आहेत का, हे पाहावे. अनेक पॉलिसींत ते बारीक अक्षरांत वगळलेले असतात.

उतरण्यापूर्वी आणि उतरल्यावर

आता श्वासाच्या त्या अधिकच्या बळाकडे वळू. हवाई बेटांवर पर्यटकांच्या बुडून होणाऱ्या मृत्यूंमध्ये स्नॉर्केलिंग करणाऱ्यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे तेथील नोंदींतून दिसले आहे. तेथील अभ्यासकांनी नळीतून श्वास ओढताना होणाऱ्या रोधाकडे, आणि हृदयविकार असलेल्यांना त्यातून संभवणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधले आहे. असा मनुष्य आरडाओरडा करतोच असे नाही. तो शांतपणे थकत जातो आणि इतरांना वाटते, मासे पाहण्यात रमला आहे. म्हणून हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, फिट्स यांपैकी काही असल्यास, किंवा गर्भावस्थेत, डॉक्टरांना विचारल्यावाचून निर्णय घेऊ नये. आयोजकाच्या अर्जावर आजार लपविणे हे तर स्वतःशीच केलेले खोटे लिखाण होय.

सराव भिलाईतच करता येतो. निघण्यापूर्वीच्या महिन्यात तरणतलावाच्या उथळ भागात तीन-चार वेळा मास्क व नळी लावून पाहावी. पाय टेकतील इतक्या पाण्यात वाकून चेहरा बुडवावा आणि तोंडाने सावकाश श्वास घ्यावा. नळीत पाणी शिरल्यास जोराने फुंकून ते बाहेर टाकावे. ही फुंक एकदा जमली, की निम्मी भीती जाते. मास्क बसतो की नाही हे पाहण्याची युक्ती अशी : पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा, तो चिकटून राहिला तर योग्य. भरघोस मिशांखालून पाणी आत येते. मिशी की मासे, हा निर्णय संबंधितांनी घरच्यांच्या संमतीने घ्यावा. चष्मा मास्कमध्ये मावत नाही; नंबरच्या काचांचे मास्क बाजारात मिळतात.

मालवणात आयोजक निवडताना किमतीआधी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात : एका मार्गदर्शकामागे किती जण, नौकेची मान्य प्रवासीसंख्या किती, प्राणवायू व प्रथमोपचार नौकेवर आहेत का. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था तारकर्लीतच आहे, त्यामुळे प्रशिक्षित मार्गदर्शक मागणे ही तेथे अवाजवी अपेक्षा नव्हे. पाण्यात उतरण्याइतकाच नौकेचा प्रवासही गांभीर्याने घ्यावा. २४ मे २०२२ रोजी, हंगामाच्या अगदी अखेरीस, तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन किनाऱ्याकडे परतणारी नौका उलटली आणि दोन पर्यटकांना प्राण गमवावे लागले. खेळ आटोपला की उकडते म्हणून लाइफ जॅकेट काढून ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. किनाऱ्याची वाळू पायांना लागेपर्यंत ते अंगावरच असावे.

समूहाच्या दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात आणि जोडीदाराकडे दर मिनिटाला एकदा पाहावे. खुणा आधीच ठरवाव्यात. पाणबुड्यांच्या भाषेत अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. तेव्हा मार्गदर्शक सांगेल तीच खूण पाठ करावी. गोंधळल्यासारखे झाले तर मान वर काढावी, नळी तोंडातून काढावी आणि जॅकेटच्या आधाराने पाठीवर पडून राहावे. त्यानंतरच हात हलवून मदत मागावी. पहिल्या खेपेला पंधरा-वीस मिनिटे पुरेत. कोणी त्याच मुक्कामात टाकी लावून स्कूबाही केले, तर नंतर विमानात बसण्यापूर्वी पूर्ण एक दिवस जाऊ द्यावा. रेल्वेने परतणाऱ्यांना ही अडचण नाही.

खाली जे दिसते ते खडकासारखे असले तरी जिवंत आहे. गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. एका लाथेने दहा-वीस वर्षांची वाढ मोडते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना संरक्षण असून तुकडा आठवण म्हणून आणणे हा गुन्हा आहे. मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकण्याची प्रथा काही ठिकाणी दिसते. आपल्या समूहासाठी तसे करू नका, हे मार्गदर्शकाला नम्रपणे सांगता येते. उन्हापासून बचावासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख बरा. काही क्रीममधील रसायने प्रवाळांना अपायकारक मानली जातात, आणि हवाईत अशा दोन रसायनांच्या क्रीमच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे.

आणि जे उतरणार नाहीत, त्यांचे काय? त्यांना नौकेवर नुसते बसवून ठेवू नये. पाण्यात किती गेले, किती परत आले, याची मोजणी त्यांच्याकडे सोपवावी. कागदावर नावे लिहून, येणाऱ्या प्रत्येकापुढे खूण करावी. शेवटची खूण झाल्यावरच नाविकाला इंजिन सुरू करण्यास सांगावे, आणि किनाऱ्यावर उतरल्यावर तीच यादी पुन्हा एकदा वाचावी.