पुण्यानुमोदनाचे स्वरूप कसे ठरवावे?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेऊन आपल्या वाडवडिलांनी श्राद्ध व पिंडदान नाकारले. आप्तांचे स्मरण नव्हे. त्रिशरण-पंचशील, परित्राणपाठ, धम्मदेशना व जलदान हा गाभा होय. भिक्खू उपलब्ध नसल्यास बौद्धाचार्य विधी करतात. उर्वरित स्वरूप दिवंगताच्या जीवनावरून ठरवावे, असे आम्हांस वाटते.

वाळूजच्या कारखान्यांत पाळ्या करून बजाजनगरात ज्यांनी लेकरे शिकवली, त्यांच्यासाठी कर्ज काढून मंडप व पंगती कशाला? सहकाऱ्यांना सोयीचा सुटीचा दिवस निवडावा. मुलांनी, नातवंडांनी आठवणी सांगाव्यात. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून आपण ग्रंथ घेऊन परततो; तसेच घरच्या स्मृतिदिनी दिवंगताच्या नावे वसतिगृहास ग्रंथ द्यावेत. कार्यक्रमाच्या खर्चापायी कोणाचे शिक्षण अडू नये, एवढे मात्र पाहावे.