मुंबई उपनगरी रेल्वेप्रवासाची सुखावहता : एक विचार

प्रस्तावना :
दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली. दि. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेवरील गाड्यांचा प्रारंभ झाला. आज लक्षावधी नोकरदार, विद्यार्थी व कष्टकरी यांच्या आयुष्याचा मोठा काळ 'लोकल'मध्ये व्यतीत होतो. हा प्रवास केवळ सोसावयाचा की तो सुखावहही होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रवाशांनी निर्माण केलेला आनंद :
ठरलेली गाडी, ठरलेला डबा व ठरलेले सोबती यांतून लोकलमध्ये एक लघुसमाज आकारास येतो. टाळांच्या साथीने गाणारी भजनी मंडळे, दसऱ्यानिमित्त डब्यांना बांधली जाणारी तोरणे, महिलांच्या डब्यातील हळदीकुंकू ही त्याची ठळक रूपे होत. तिघांच्या बाकावर 'चौथी सीट' देण्याचा अलिखित संकेतही त्यातलाच. मात्र गटाने जागा अडविल्यास किंवा मोठ्याने गायिल्यास हाच आनंद इतरांना जाचक ठरतो. म्हणून आपलेपणाला संयमाची जोड हवी.

प्रशासकीय उपाय व मर्यादा :
दि. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली, दि. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. हे उपाय स्वागतार्ह आहेत. परंतु ऐन गर्दीत दर चौरस मीटरला १४ ते १६ प्रवासी उभे असतात. तेथे संगीत वा सुशोभन यांचा उपयोग अल्पच. दि. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा स्थानकाजवळ गर्दीच्या गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. दारे आपोआप बंद होणे हा त्यावरील एक उपाय होय. मात्र साध्या डब्यांत तो योजताना हवा खेळती राहण्याची तजवीज अनिवार्य ठरते. शिवाय दारे बंद झाल्याने गर्दी कमी होत नाही. त्यासाठी फेऱ्या व डबे वाढविणे आणि कार्यालयीन वेळा विभागणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
सुरक्षितता, पुरेशी जागा, वेळेची शाश्वती आणि त्यानंतर सहवास, असा सुखावह प्रवासाचा क्रम आहे. यांतील शेवटची बाब प्रवाशांनी स्वतःच सिद्ध केली आहे. पहिल्या तीन बाबींची जबाबदारी व्यवस्थेची आहे. महाविद्यालयांनीही तासिकांचे वेळापत्रक आखताना गर्दीची वेळ टाळल्यास, विद्यार्थी वर्गात पोहोचेल तो थकून नव्हे, तर शिकण्याच्या तयारीने.