वंदन आणि आराधना

घरांतील वडील माणसांस आपण नमस्कार करतों आणि देवापुढेंही हात जोडतों. दोन्ही वेळां हात तेच, मस्तकही तसेंच लवतें. परंतु या दोन कृतींचा अर्थ एक नव्हे, हें लहान मुलासही सांगावें लागत नाहीं. ख्रिस्ती मंडळींत मात्र पवित्र चित्रें व साधुजनांचे अवशेष यांच्या बाबतींत हाच भेद ठरविण्यास कित्येक शतकें लागलीं, आणि त्यापायीं पुष्कळ चित्रें फुटलीं व पुष्कळ मनें दुखावलीं.

मार्सेय शहराचा बिशप सेरेनस याची गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. आपल्या देवळांतील चित्रांची लोक आराधना करितात असें पाहून त्यानें तीं फोडून बाहेर टाकिलीं. ही वार्ता रोम येथें पोप ग्रेगरी यांच्या कानीं गेली. इ. स. ५९९ मध्यें त्यांनीं सेरेनसला पत्र लिहिलें. हातांनीं घडविलेल्या वस्तूची आराधना होऊं नये ही तळमळ योग्यच, परंतु चित्रें फोडावयास नको होतीं. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांस जें पुस्तकांत वाचतां येत नाहीं तें ते भिंतीवर वाचतात, असा त्या पत्राचा आशय. यावर सेरेनसनें काय करावें? हें पत्र पोपांचेंच कशावरून, अशी शंका काढली! तेव्हां ६०० मध्यें ग्रेगरींनीं दुसरें, अधिक कडक पत्र धाडिलें. सेरेनसच्या या कृत्यामुळें त्याच्या मंडळीपैकीं पुष्कळ लोक त्याला सोडून गेले होते, असें त्यांत आहे. चित्राची आराधना करणें वेगळें, आणि आराधना कोणाची करावी हें चित्रावरून शिकणें वेगळें. हें समजावून सांगून लोकांस परत आणावें, असा ग्रेगरींचा उपदेश होता. सेरेनसचा हेतु वाईट नव्हता. पण शिकविण्याचें काम त्यानें हातोड्यावर सोंपविलें.

अवशेषांच्या बाबतींतही ग्रेगरी फार जपून वागत. ५९४ मध्यें सम्राट मॉरिस याची राणी कॉन्स्टँटिना हिनें राजवाड्यांतील नव्या देवळासाठीं संत पौलाचें मस्तक मागितलें. ग्रेगरींनीं नम्रपणें नकार दिला. रोममध्यें साधूंच्या देहांस हात लावीत नाहींत. एक वस्त्र डबींत घालून थडग्याजवळ ठेवितात व तेंच अवशेष म्हणून देतात, असें त्यांनीं कळविलें. पौलाच्या बेड्यांचा कानशीनें काढलेला कीस मात्र पाठवूं म्हणाले, पण तोही निघाला तर. कारण कधीं कधीं पुष्कळ वेळ घांसूनही कांहीं निघत नाहीं! ही राणीची मर्जी राखण्याची युक्ति कीं निखळ श्रद्धा, हें वाचकांनींच ठरवावें.

पुढें आठव्या शतकांत पूर्वेकडील सम्राटांनींच चित्रांविरुद्ध हत्यार उपसलें. ७५४ मध्यें पांचव्या कॉन्स्टंटाइनच्या आज्ञेनें भरलेल्या सभेंत ३३८ बिशपांनीं चित्रें निषिद्ध ठरविलीं. चित्रांचा कैवार घेणारा दमास्कसचा योहान हा यरुशलेमजवळच्या मठांत, मुसलमान खलिफाच्या राज्यांत राहत असे. त्यामुळें ख्रिस्ती सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोंचला नाहीं, हा इतिहासाचा एक विनोदच होय. देव मनुष्यदेहानें प्रकट झाला, म्हणून त्याचें चित्र काढतां येतें, असें त्याचें म्हणणें होतें. ७८७ मध्यें राणी आयरीनच्या कारकीर्दींत नायसिया येथें भरलेल्या सभेनें हाच पक्ष उचलून धरला. चित्रांस आदराचें वंदन, ग्रीक भाषेंत 'प्रोस्किनेसिस', करावें. खरी आराधना, म्हणजे 'लात्रेया', केवळ देवाचीच, असा तिनें निर्णय दिला.

पण खरा घोटाळा यानंतरच झाला. या निर्णयाचें लॅटिन भाषांतर शार्लमेन राजाच्या दरबारीं आलें. त्यांत वंदनासाठीं 'आदोरातिओ', म्हणजे आराधना, हाच शब्द घातला होता. इतकेंच नव्हे, तर एका बिशपाचें वाक्य असें उलटें झालें होतें कीं, त्रैक्याला द्यावयाची आराधना चित्रांसही द्यावी, असें तो म्हणतो असें वाटे. राजाचे पंडित खवळले. चित्रें फोडूं नयेत व त्यांची आराधनाही करूं नये, आणि अवशेषांचा मान चित्रांहून मोठा, असा त्यांचा पक्ष. त्यांनीं एक मोठा ग्रंथच खंडनार्थ रचला, आणि ७९४ मध्यें फ्रँकफर्टच्या सभेनें नायसियाचें म्हणून समजलेलें तें मत धिक्कारिलें. वास्तविक तें मत नायसियांत कोणीं मांडलेंच नव्हतें!

८७३ मध्यें रोममधील ग्रंथपाल अनास्तासियस यानें नवें भाषांतर सिद्ध केलें. पूर्वीच्या भाषांतरकारानें दोन्ही भाषांची धाटणी न ओळखतां केवळ शब्दास शब्द ठेवला, अशी तक्रार त्यानें प्रस्तावनेंत केली आहे.