नोकरीचा मेल: आधी विषयाची ओळ

नोकरीसाठी मेल पाठवताय? सगळ्यात जास्त विचार विषयाच्या ओळीचा करा. नुसतं ‘रेझ्युमे’ लिहिलेल्या मेलचा एचआरकडे ढीग असतो. त्याऐवजी ‘अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज – तुमचं पूर्ण नाव – ३ वर्षांचा अनुभव’ असं लिहा. मेल न उघडताही अर्ज कोणाचा, कशासाठी ते कळतं आणि महिन्याभराने शोधला तरी सापडतो. जाहिरातीत जॉब कोड असेल तर तोही इथेच टाका.

मजकूर मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावेल एवढाच. त्या कामाशी जुळणारी एखादी ठोस गोष्ट सांगा, जसं की ‘जीएसटी रिटर्न मी स्वतः भरते’. ‘मी मेहनती आणि प्रामाणिक आहे’ हे वाक्य मला तरी वाया गेलेलं वाटतं. रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव.

आणि हे आजच करा! कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘अनडू सेंड’ची (पाठवलेला मेल परत घेण्याची) वेळ ३० सेकंद करून ठेवा. मुळात ती ५ सेकंदच असते. तेवढ्यात अटॅचमेंट राहिल्याचं लक्षातही येत नाही. पाठवायचा पत्ता तर सगळं तपासून झाल्यावरच भरा.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर रिप्लाय करून नम्रपणे विचारा. नवा मेल नको, कारण रिप्लायखाली तुमचा अर्ज त्यांना लगेच दिसतो.