पानाचा पत्ता : एकपानी संकेतस्थळे आणि परतीची वाट



पत्त्याचे महत्त्व भोपाळकरांना निराळे पटवून द्यावे लागत नाही. या शहरात बसथांब्यांचे आकडे हीच वस्त्यांची नावे होऊन बसली आहेत. 'पाच नंबर', 'दहा नंबर' असे म्हटले की कोणालाही अर्थबोध होतो. सहा आणि सात यांच्या मध्ये एक 'साडेसहा नंबर'ही आहे. हा आकडा परगावच्या माणसाला विचित्र वाटेल, परंतु रिक्षावाला त्याला तेथे बिनचूक नेऊन सोडतो. पत्त्याकडून आपल्या अपेक्षा तीनच असतात : तो दुसऱ्याला सांगता यावा, तो हाती घेऊन कोणालाही नेमक्या जागी पोहोचता यावे आणि आलेल्या वाटेने परत फिरता यावे. इंटरनेटवरील पानाकडूनही आपण हेच अपेक्षितो. तथापि आजच्या अनेक संकेतस्थळांवर या तिन्ही अपेक्षांचा भंग होताना दिसतो. तो का होतो आणि कसा टाळता येतो, हे येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

मूळची व्यवस्था

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तिचा पाया साधा होता : प्रत्येक दस्तऐवजाला स्वतःचा पत्ता असावा. दुव्यावर क्लिक केले की ब्राउझर त्या पत्त्यावरील पान सर्व्हरकडे मागतो, आणि भेट दिलेल्या पत्त्यांची क्रमवार नोंद ठेवतो. या नोंदीला 'हिस्टरी' म्हणतात. 'बॅक'चे बटण म्हणजे या नोंदवहीत एक ओळ मागे जाणे, याहून अधिक काही नाही.

व्यवस्था कोठे बिघडली

संपूर्ण पान न बदलता त्याचा केवळ एखादा भाग सर्व्हरकडून मागविण्याची सोय १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. २००४ साली जीमेल आणि २००५ साली गूगल मॅप्स यांनी तिचे सामर्थ्य जगाला दाखविले. यातूनच पुढे 'एकपानी' पद्धत रूढ झाली. तीत एकच पान प्रारंभी उतरते. त्यानंतरचे सारे बदल त्या पानातील जावास्क्रिप्टचा प्रोग्राम घडवितो. काम झपाट्याने होते, पडदा मध्येच कोरा होत नाही आणि तोच मजकूर पुनःपुन्हा मागवावा लागत नाही.

परंतु ब्राउझरच्या दृष्टीने वापरणारा अद्याप पहिल्याच पानावर असतो. समजा, कोणी विद्यार्थी पाच टप्प्यांचा अर्ज भरीत आहे. चौथ्या टप्प्यावरून तिसरा टप्पा तपासावा म्हणून तो 'बॅक' दाबतो. पडद्यावर चार पाने होऊन गेली असली तरी नोंदवहीत एकच ओळ आहे. तो संकेतस्थळाबाहेर फेकला जातो आणि भरलेला मजकूर नाहीसा होतो. 'रिफ्रेश' केले तरी तीच गत होते. पत्ता कोणाला पाठवावा, तर त्याच्यासमोर केवळ मुखपृष्ठ उघडते.

पहिला उपाय आणि त्याची मर्यादा

पत्त्यात '#' या चिन्हापुढे येणारा भाग बदलला तरी पान नव्याने उतरत नाही, मात्र नोंदवहीत ओळ वाढते. आरंभी या गुणाचा उपयोग करण्यात आला. पण या चिन्हापुढील भाग सर्व्हरकडे जातच नाही, त्यामुळे कोणता मजकूर हवा हे सर्व्हरला कळत नाही. ट्विटरने २०१० साली ही पद्धत स्वीकारली आणि २०१२ साली ती सोडून पुन्हा सरळ पत्त्यांकडे वळणे पसंत केले.

आजचा उपाय

२०१० च्या सुमारास ब्राउझरांमध्ये हिस्टरीवर लिहिण्याची रीतसर सोय येऊ लागली आणि २०१४ साली मान्य झालेल्या एचटीएमएल ५ या मानकात तिला स्थान मिळाले. तिची अंगे तीन आहेत. 'पुशस्टेट' नवी ओळ लिहिते, 'रिप्लेसस्टेट' चालू ओळ खोडून तेथेच दुसरी लिहिते, आणि वापरणारा मागेपुढे गेला की 'पॉपस्टेट' ही सूचना प्रोग्रामला मिळते.

बहुसंख्य बिघाड या तिघांच्या असमतोलातून उद्भवतात. ओळ लिहिली, पण सूचना ऐकली नाही, तर 'बॅक' दाबल्यावर पत्ता बदलतो आणि पडदा तसाच राहतो. जेथे 'रिप्लेसस्टेट' हवे तेथे 'पुशस्टेट' वापरले, तर वापरणारा मधल्या पानावर येतो, तेथून आपोआप पुढे ढकलला जातो आणि कितीही वेळा 'बॅक' दाबले तरी सुटत नाही.

दुसरे काम सर्व्हरवर करावयाचे असते. आतल्या पानाचा पत्ता थेट उघडला अथवा 'रिफ्रेश' केले की मागणी सर्व्हरकडे जाते. तेथे त्या नावाची फाइल नसल्याने 'पान सापडले नाही' असे उत्तर येते. म्हणून अशा प्रत्येक पत्त्यासाठी सर्व्हरने मूळ पान द्यावे आणि पुढील भाग प्रोग्रामने पत्ता वाचून उभा करावा. हा नियम चित्रे व माहितीच्या फायलींना मात्र लावू नये. जे पान खरोखरच नाही, ते नाही असेच सांगावे.

तिसरे काम सहसा विसरले जाते. पान बदलले की शीर्षक बदलावे, पडदा योग्य जागी सरकावा आणि कीबोर्डचा रोख नव्या मजकुरावर न्यावा. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखविणारा प्रोग्राम वापरते. रोख जुन्याच जागी राहिला, तर पान बदलल्याचे तिला कळतही नाही. दुवे हे खरेखुरे दुवे असावेत, नुसती क्लिक झेलणारी चौकट नसावी. अर्धवट अर्ज सर्व्हरवर जपून ठेवावा. पत्त्यात ओळखक्रमांकासारखी खासगी माहिती मात्र कधीही घालू नये, कारण सार्वजनिक संगणकावरील नोंदवही पुढचा माणूसही वाचू शकतो.

हा प्रश्न कोणाचा?

मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय. ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा त्यामुळे नागरिकाचा हक्क ठरला. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाने माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे असे बंधन घातले. हक्काकडे जाणारी वाट जर पडद्यावरून जात असेल, तर त्या वाटेवर 'कृपया बॅक बटण दाबू नये' अशी पाटी लावणे हे उत्तर नव्हे. तेथे अर्जदाराची एक दुपार वाया जाते, क्वचित अर्जाची शेवटची तारीखही टळते, आणि दोष मात्र त्याच्या अज्ञानावर येतो.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज संगणकक्षेत्रात आहेत. त्यांनी आपले काम पूर्ण झाले असे म्हणण्यापूर्वी चार परीक्षा घ्याव्यात : मागे जाऊन पाहावे, पान रिफ्रेश करावे, आतला पत्ता दुसऱ्याच्या फोनवर उघडावा आणि माउस बाजूला ठेवून केवळ कीबोर्डवर सारा अर्ज भरावा. या परीक्षांना खर्च नाही आणि फारसा वेळही लागत नाही. त्यांत उतरलेले पान अनोळखी माणसाच्याही भरवशाचे ठरेल.