ग्राफिक्स कार्डाचे शीतकरण : उष्णतेच्या स्थलांतराचा विचार

भाषाविज्ञानाच्या विभागाने काढलेल्या संशोधन-पत्रिकेत संगणकाच्या उष्णतेविषयी लेख यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे लेखन करणे, उच्चारांचे पृथक्करण करणे, मोठ्या लेखसंग्रहांवरून भाषेचे गणिती प्रारूप सिद्ध करणे ही कामे आज ग्राफिक्स कार्डावर होतात. मूळ चित्रे रेखाटण्यासाठी घडविलेले हे कार्ड एकाच वेळी हजारो लहान गणिते करू शकते, म्हणून भाषेच्या अभ्यासकालाही त्याचा आश्रय घ्यावा लागतो. एकेक प्रयोग कित्येक दिवस अखंड चालतो. अशा वेळी कार्ड तापले तर ते बंद पडतेच असे नाही. बहुधा ते आपला वेग आपणच कमी करून घेते आणि काम करणाऱ्यास त्याची वार्ताही लागत नाही. माघ महिन्यात चार दिवसांत झालेला प्रयोग वैशाखात पाच दिवस का घेतो, ह्याचे उत्तर पुष्कळदा कार्यक्रमाच्या लेखनात नसून खोलीच्या हवेत असते. म्हणून हा विषय संशोधकाने स्वतः समजून घेणे आवश्यक आहे.

१. ‘थंड करणे’ म्हणजे काय?

व्यवहारभाषेत उष्ण आणि थंड हे दोन सारख्याच दर्जाचे गुण मानले जातात. ऊब देता येते तसा गारवाही देता येतो, अशी आपली बोलण्याची रीत आहे. पदार्थविज्ञानात मात्र थंडी नावाची वस्तू नाही. आहे ती केवळ उष्णता; ती एका जागेहून दुसऱ्या जागी जाते. जिथून गेली ती जागा थंड झाली असे आपण म्हणतो. जिथे गेली त्या जागेचा उल्लेख करावयाचे आपण विसरतो. शीतकरणाच्या सर्व पद्धतींविषयी होणाऱ्या गैरसमजुतींचे मूळ ह्या विस्मरणात आहे. कार्डाला जेवढी वीज पुरविली जाते, जवळजवळ तेवढीच उष्णता त्यातून बाहेर पडते. पद्धत कोणतीही असो, त्या उष्णतेचा एक अंशही ती नाहीसा करीत नाही. फक्त तिला चिपपासून दूर नेते. ‘ही पद्धत किती थंड करते?’ ह्या प्रश्नापेक्षा ‘ही पद्धत उष्णता कोठे नेऊन ठेवते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी आहे, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. प्रश्नाचे परिमाण

१९९९ साली एनव्हिडियाने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणले, तेव्हा त्यावरील चिपला अॅल्युमिनियमचा एक लहान हीटसिंक आणि लहानसा पंखा पुरत असे. २०२२ साली आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’ ह्या कार्डाची विजेची मर्यादा ४५० वॉट आहे. त्याच्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे ६०८ चौरस मिलिमीटर, म्हणजे टपालाच्या एखाद्या तिकिटाएवढे असून त्यात ७,६३० कोटी ट्रान्झिस्टर सामावले आहेत. चिपच्या भोवतीची स्मृती आणि वीजनियामक भाग हेही ह्या उष्णतेत भर घालतात. पण बहुतांश उष्णता चिपमध्येच उत्पन्न होते. सर्व उष्णता चिपची आहे असे ढोबळमानाने धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७४ वॉट पडतात. घरातील हजार वॉटच्या इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर धरल्यास तेथे हे प्रमाण अवघे ५ वॉट येते. इस्त्रीच्या सुमारे पंधरा पट दाटीची उष्णता टपाल-तिकिटाएवढ्या जागेतून अहोरात्र बाहेर काढणे, असा हा प्रश्न आहे.

३. साखळीचे दुवे

चिपमधून निघालेली उष्णता खोलीच्या हवेपर्यंत एका साखळीने जाते. पहिला दुवा थर्मल पेस्टचा. चिपचा आणि तांब्याच्या पट्टीचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी तो सूक्ष्म खाचखळग्यांनी भरलेला असतो व त्यांत हवा अडकते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट आहे. त्यामुळे हवेचा अत्यंत पातळ थरही मोठा अडथळा ठरतो. पेस्ट ह्या हवेला हुसकावून लावते. पेस्टची स्वतःची वाहकता हवेच्या शंभराहून अधिक पट असली, तरी तांब्याच्या मानाने ती अगदीच अल्प असते. म्हणून पेस्टचा जाड लेप हितकारक नसून अपायकारक आहे. गॅलियमयुक्त द्रवधातू पेस्टपेक्षा कितीतरी चांगला वाहक आहे. परंतु तो विजेचाही वाहक असल्याने सांडल्यास घात करतो, आणि अॅल्युमिनियमला तर तो खाऊन टाकतो.

दुसरा दुवा हीट पाइपचा. ही तांब्याची बंद नळी असते. तिच्यातील हवा काढून घेऊन आत थोडेसे पाणी ठेवतात, व आतील भिंतीला सच्छिद्र अस्तर देतात. दाब कमी असल्यामुळे हे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ आधीच उकळते. तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते, आणि कंदिलाच्या वातीतून तेल चढावे त्याप्रमाणे अस्तरातून ते मूळ जागी परतते. मातीच्या माठातील पाणी ज्या सुप्त उष्णतेच्या नियमाने गार होते, तोच नियम येथे लागू आहे. भेद इतकाच की माठाची वाफ हवेत जाते व नळीतील वाफ नळीतच फिरत राहते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,२६० ज्यूल उष्णता लागते. त्या हिशेबाने ४५० वॉट वाहून नेण्यास दर सेकंदाला पाव ग्रॅमहूनही कमी पाण्याची वाफ पुरते. ह्या युक्तीचे पेटंट १९४४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉग्लर यांना मिळाले होते. परंतु १९६३ साली लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केल्यावर तिचा प्रसार झाला. नळीऐवजी चपटी डबी केली की तिला व्हेपर चेंबर म्हणतात.

तिसरा दुवा धातूच्या पातळ पात्यांचा आणि पंख्यांचा. पात्यांमुळे हवेला स्पर्श करणारे क्षेत्र वाढते, व पंखा तापलेली हवा हटवून नवी हवा आणतो. हवेचे तापमान दहा अंशांनी वाढू द्यावयाचे ठरविले, तर ४५० वॉटसाठी दर सेकंदाला सुमारे ३७ लिटर हवा लागते. मोठ्या कार्डांना दोन-तीन पंखे व सुमारे दोन किलोचे वजन का असते, हे ह्यावरून स्पष्ट होईल.

४. हवा सोडावयाची कोठे?

पंख्यांच्या मांडणीचे दोन मुख्य प्रकार आहेत. ब्लोअर प्रकारात एकच पंखा हवा आत ओढून कार्डाच्या मागील झरोक्यातून पेटीबाहेर टाकतो. तो आवाज फार करतो. २००३ सालचे ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ तर आवाजासाठीच कुप्रसिद्ध झाले. उघड्या पंख्यांच्या प्रकारात आवाज कमी व चिपचे तापमानही कमी राहते; परंतु उष्ण हवा संगणकाच्या पेटीतच सोडली जाते. एकच कार्ड असेल व पेटीत वारा खेळता असेल, तर हा प्रकार उत्तम. दोन कार्डे लगत बसविली, तर एकाने टाकलेली ऊन हवा दुसरे ओढून घेते. अशा ठिकाणी आवाज सोसूनही ब्लोअर पत्करणे शहाणपणाचे ठरते. २०२५ साली आलेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ ह्या ५७५ वॉटच्या कार्डाची एनव्हिडियाने स्वतः काढलेली आवृत्ती द्रवधातू वापरून पूर्वीपेक्षा सडपातळ केली आहे. कार्ड सडपातळ झाले तरी ५७५ वॉट पेटीतच पडतात, हे विसरता कामा नये.

५. द्रवाची वाट

हवेऐवजी पाणी वापरले, तर तेच ४५० वॉट तेवढ्याच दहा अंशांच्या वाढीत दर सेकंदाला अवघे ११ मिलिलिटर पाणी वाहून नेते. ३७ लिटर व ११ मिलिलिटर ह्यांतील अंतर म्हणजेच द्रव-शीतकरणाचे सारे सामर्थ्य. चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवितात, पंप त्यातून पाणी फिरवितो, आणि ते रेडिएटरमध्ये जाऊन उष्णता सोडते. २०१५ सालचे एएमडीचे ‘रेडिऑन आर९ फ्युरी एक्स’ कारखान्यातूनच अशी व्यवस्था घेऊन आले होते. रेडिएटर हे नाव प्रारणावरून पडले असले, तरी तेथे उष्णता मुख्यतः पंख्याच्या वाऱ्यानेच जाते, प्रारणाने नव्हे. म्हणजे पाणी मधल्या वाटेवरचे भारवाहक झाले. अखेरचा मुक्काम हवाच राहिला. शिवाय गळती, पंपाचा बिघाड, आणि तांबे व अॅल्युमिनियम एकाच प्रवाहात आल्यास होणारे क्षरण ही भये आहेत.

संपूर्ण यंत्र वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडविण्याची पद्धतही नवी नाही. १९८५ सालच्या ‘क्रे-२’ ह्या महासंगणकाचे भाग फ्लुओरिनर्ट नावाच्या द्रवात बुडविलेले असत. ह्या जातीचे फ्लोरिनयुक्त पदार्थ निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात. ते बनविणे २०२५ अखेर थांबविण्याचे थ्री-एम कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात जाहीर केले. त्यामुळे विशेष तेलांकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

पेल्टिअर पट्टी अथवा शीतकपाटासारखा कॉम्प्रेसर लावून चिपला खोलीपेक्षाही गार करता येते. परंतु ही साधने स्वतः वीज खातात व तिची उष्णता मूळ उष्णतेत मिळवितात. आणि हवेतील बाष्प गार भागावर दवासारखे जमून विजेच्या जोडण्यांना धोका संभवतो.

६. खोलीचा हिशेब

चिपचे तापमान म्हणजे खोलीचे तापमान अधिक साखळीमुळे पडणारा फरक. समजा, २५ अंशांच्या खोलीत कार्ड ७५ अंशांवर चालते. म्हणजे फरक ५० अंशांचा. पंखे त्याच गतीने फिरत असता खोली ४० अंशांवर गेली, तर चिप ९० अंशांवर जाईल. ‘आरटीएक्स ४०९०’ची नेमून दिलेली कमाल मर्यादा ९० अंशच आहे. येथे कार्ड वेग कमी करू लागते. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात चाळीस अंश ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हे.

दोन कार्डांचे ९०० वॉट व उरलेल्या संगणकाचे ३०० धरले, तर खोलीत १,२०० वॉटची शेगडी सतत पेटलेली आहे असे समजावे. दहा फूट लांबी, रुंदी व उंचीच्या बंद खोलीत सुमारे ३४ किलो हवा मावते. भिंतींनी काहीही शोषले नाही असे मानल्यास ही शेगडी त्या हवेचे तापमान अर्ध्या मिनिटात एक अंशाने वाढवील. भिंती पुष्कळ उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात इतके होत नाही. पण वाट न दिल्यास उष्णता साठतच जाते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे ३,५०० वॉट उष्णता बाहेर नेते. त्याचा तिसरा हिस्सा ह्या एका संगणकासच लागेल. येथील ‘टन’ हे यंत्राचे वजन नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळविण्यास जी उष्णता लागते, तिच्यावरून हे माप आले आहे. म्हणजे आपल्या पूर्वसूरींनी शीतकरण मोजले तेही वाहून नेलेल्या उष्णतेच्याच मापाने.

७. मोठ्या केंद्रांचा प्रश्न

हाच हिशेब मोठ्या संगणक-केंद्रांना लावला की तो सार्वजनिक महत्त्वाचा होतो. २०२४ साली जाहीर झालेल्या एनव्हिडियाच्या ७२ ग्राफिक्स प्रोसेसरांच्या एका कपाटातून सुमारे १२० किलोवॉट उष्णता निघते. तेथे हवा पुरत नाही, द्रवच लागतो. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील ‘परम ब्रह्म’ ह्या महासंगणकातही द्रव थेट चिपपर्यंत नेण्याची पद्धत स्वीकारली गेली. परंतु द्रवाने आणलेली उष्णता इमारतीबाहेर कशी सोडावयाची? पुष्कळ ठिकाणी मनोऱ्यांतून पाण्याचे बाष्पीभवन करून ती सोडतात. सर्व उष्णता ह्याच मार्गाने काढली, तर वरील एका कपाटास ताशी सुमारे १९० लिटर, म्हणजे दिवसाला साडेचार हजार लिटर पाणी लागेल. कोरड्या शीतकांस पाणी लागत नाही. पण बाहेरची हवा तापली की त्यांची शक्ती घटते. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, तेथे ही निवड केवळ अभियंत्यांची राहत नाही.

८. विभागांनी काय करावे?

पहिली व बिनखर्चाची गोष्ट म्हणजे कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणणे. ट्रान्झिस्टरांच्या चालू-बंद होण्यात खर्च होणारी वीज विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या व वेगाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अखेरचा थोडासा वेग मिळविण्यास फार वीज मोजावी लागते. मर्यादा पाव हिश्श्याने उतरविली, तरी काम त्या प्रमाणात मंदावत नाही. दुसरे, पात्यांतील धूळ नियमाने काढावी. तिसरे, दोन कार्डांत अंतर ठेवावे व खोलीतील ऊन हवेस बाहेर जाण्याची वाट करून द्यावी. ही वाट नसताना महागड्या द्रव-व्यवस्थेवर अनुदान खर्च करणे म्हणजे उष्णता त्याच खोलीत अधिक ऐटीने सोडणे होय. चौथे, प्रत्येक प्रयोगाच्या नोंदीत चिपचे व खोलीचे तापमान, तसेच कार्डाचा प्रत्यक्ष वेग लिहून ठेवावा. दोन प्रारूपांपैकी कोणते अधिक वेगाने शिकते, ह्याविषयीचा निष्कर्ष ह्या नोंदीवाचून काढला, तर कदाचित आपण प्रारूपांची तुलना न करता दोन ऋतूंचीच तुलना करीत असू.